जुन्या घरास खोली किंवा माडी जोडतांना

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या भागांतील जुन्या गावठाणांत राहणाऱ्या आमच्या कित्येक वाचकांचीं घरें वडिलोपार्जित आहेत. दगडाचें जोतें, जाड भिंती, सागाचे वासे, वर मंगळुरी कौलें, पुढें पडवी व मागें परस अशी त्यांची ठेवण असते. कुटुंब वाढलें, मुलांचीं लग्नें झालीं, कीं परसांत एक खोली काढावी अथवा कौलें उतरून माडी चढवावी, हा विचार घरोघर निघतो. जागेचे भाव पाहतां तो गैर आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु खोली केवढी असावी व लादी कोणत्या रंगाची घालावी याची जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेंही हा नवा भार कोठें जाणार याची होत नाहीं. प्रस्तुत लेखांत मुख्यतः त्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम वजनाचा हिशेब पाहूं. चार मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी खोली घ्या. तिच्यावरील मंगळुरी कौलें व पट्ट्या यांचें वजन दर चौरस मीटरास सुमारें ६५ किलो, म्हणजे पाख्याचा उतार धरूनही एकंदर टनाच्या आंतच राहतें. आतां कौलें काढून तेथें माडी चढविली. साडेबारा सेंटिमीटर जाडीचा सळईकाँक्रीटचा एक स्लॅब पावणेचार टनांचा होतो. तळाचा एक व माथ्याचा एक मिळून साडेसात टन झाले. लादी व गिलावा सव्वा टन, राहणारीं माणसें व सामान यांसाठीं मानकांप्रमाणें दर चौरस मीटरास २०० किलो धरून आणखी सुमारें अडीच टन. आणि चारी बाजूंच्या नऊ इंची विटांच्या भिंती? त्या तीन मीटर उंच धरल्या, तर दारें-खिडक्या वजा जातांही सोळा टनांच्या आसपास भरतात. एकूण भार सत्तावीस टनांवर गेला. ज्या भिंतीनें आजवर एक टन पेलला, तिच्यावर आतां सत्तावीसपट ओझें आलें, आणि खालचा पाया मात्र तोच राहिला.

या हिशेबांत एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. पुष्कळांस वाटतें कीं स्लॅबच जड, म्हणून वर पत्रे घातले कीं काम हलकें झालें. वस्तुतः अधिक भार भिंतींचा आहे. त्याच भिंती पंधरा सेंटिमीटर जाडीच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या केल्या, तर गिलाव्यासह सहा टनांत निभावतें. मात्र असल्या भिंतींवर स्लॅब टेकूं नये. तो खांब व तुळया यांवर उभारावा, व त्या खांबांचा पाया स्वतंत्र असावा.

गोराई-मनोरीकडे ज्यांच्या घरीं अद्याप भात येतें, त्यांच्यासाठीं आणखी एक सूचना. भाताच्या पोत्यांची दीड मीटर उंच थप्पी दर चौरस मीटरास आठशे किलोंहून अधिक भार देते, म्हणजे राहत्या खोलीच्या चौपट. माडीवर धान्य ठेवावयाचें असेल, तर तें आराखडा करणाऱ्यास आधींच सांगावें. पाण्याच्या टाकीचेंही तसेंच आहे. हजार लिटरांची टाकी म्हणजे एक टन, आणि ती बहुधा स्लॅबच्या अगदीं मध्यावर ठेविली जाते, हें दुर्दैव.

ओझें वाढवून काय होतें याचें उदाहरण दूर शोधावयास नको. मालाडच्या मालवणी भागांत ९ जून २०२१ च्या रात्रीं मुसळधार पावसांत एका लहानशा इमारतीचे वरचे मजले शेजारच्या बैठ्या घरावर कोसळले. आठ मुलांसह बारा जण दगावले. उच्च न्यायालयानें स्वतः दखल घेऊन चौकशी करविली. ज्यांचा जीव गेला त्यांत शेजारीही होते. म्हणून माझ्या जागेंत मी वाटेल तें बांधीन, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाहीं.

भार वाढविण्याइतकाच भार वाहणारा भाग काढण्यांत धोका आहे. दोन खोल्यांची एक करण्यासाठीं मधली भिंत पाडण्याची हौस सध्यां फार. ती भिंत केवळ आडोसा आहे कीं वरचे वासे, तुळई अगर स्लॅब तिच्यावर टेकला आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे. ठोकून आवाजावरून तें ओळखतां येतें असें कांहीं गवंडी म्हणतात. तो भरंवशाचा मार्ग नव्हे. वासे कोणत्या दिशेनें गेले आहेत व भिंतीखालीं जोतें आहे कीं नाहीं, यांवरून बराच उलगडा होतो. खांबास तर हात लावूंच नये, कारण तळमजल्याच्या एका खांबावर वरच्या सर्व मजल्यांचा वांटा उतरलेला असतो. घाटकोपरच्या दामोदर पार्कांतील साईसिद्धी ही इमारत २५ जुलै २०१७ रोजीं कोसळून सतरा जण मृत्यू पावले. त्या वेळीं तिच्या तळमजल्यावर फेरफाराचें काम चालू होतें.

आतां परसांतील खोलीचा विचार करूं. येथें भार जुन्या भिंतीवर येत नाहीं, म्हणून लोक निर्धास्त असतात. खरी अडचण जमिनीची आहे. अंधेरीस गिल्बर्ट टेकडीचा काळा पाषाण उभा आहे, तर खाडीकांठीं कित्येक मीटर खोल मऊ चिखल सांपडतो; एकाच गावठाणांत घराच्या पुढें मुरूम व मागें भराव असणेंही नवल नव्हे. जुनें घर साठ-सत्तर वर्षांत जेवढें खचावयाचें तेवढें खचून स्थिर झालेलें असतें. नवी खोली मात्र आतां खचूं लागते. दोन्ही भिंती दाते काढून एकजीव केल्या, तर हा फरक सांध्यावर उमटून तिरपी भेग पडते, व तीतून पावसाळ्यांत पाणी आंत शिरतें. सांताक्रूझ येथें २६ जुलै २००५ च्या त्या एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस या वाक्याचा अर्थ सांगणें नको. यास्तव नवें काम जुन्यापासून वेगळें ठेवून मध्यें उघडा सांधा राखावा, व तो वरून पत्र्याच्या पट्टीनें झांकावा. ती पट्टी जुन्या भिंतींत खांचून बसवावी, व नव्या छपरावर सैल सोडावी.

नव्या पायाचा चर जुन्या पायाच्या तळाखालीं नेऊं नये. नेला, तर जुन्या पायाखालची माती बाजूनें सुटते व भिंत झुकते. कठीण थर खालींच असेल व उपायच नसेल, तर एकेक मीटराचे टप्पे एक सोडून एक असे खोदावे, प्रत्येक टप्पा भरून पक्का झाल्यावरच शेजारचा उघडावा.

भूकंपाचा प्रश्न किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ रोजीं उभा राहिला. तेथें मातींत रचलेल्या दगडी भिंती व जड माळवदें यांखालीं हजारों माणसें गेलीं. माथ्याचें वजन जितकें अधिक, तितका भूकंपाचा हिसका अधिक. जुन्या दगडी भिंतींवर माडी नको म्हणण्याचें हेंही एक कारण आहे. नव्या खोलीस जोत्याशीं व दारांच्या माथ्याशीं सळईकाँक्रीटचा अखंड पट्टा फिरविल्यास खर्चाच्या मानानें फार लाभ होतो.

समुद्राची खारी हवा सळईस गंज आणते, व गंजलेली सळई फुगून काँक्रीटचे पापुद्रे उडविते. ज्या कामांस ही हवा व पाऊस थेट लागतो, तेथें सळईवर ४५ मिलिमीटर जाडीचें आच्छादन ठेवावें, असें आपलें राष्ट्रीय मानक सांगतें. त्यासाठीं काँक्रीटचेच ठोकळे वापरावे. दगडाच्या चिपा सरकतात.

परवानगीविषयीं थोडेंच सांगतों. १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या ३४२ व्या कलमाप्रमाणें वाढ व फेरफार यांची सूचना अगोदर द्यावी लागते, व तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी करून घेण्याची जबाबदारी ३५३-ब हें कलम मालकावर टाकतें. अनुज्ञप्तिधारक संरचना-अभियंत्याकडून आराखडा करून घेण्यास जो खर्च येतो, तो लादीच्या खर्चाहून बहुधा कमीच भरतो. आराखड्याची एक प्रत घराच्या दस्तऐवजांत ठेवावी. पुढील पिढीस कोणता खांब कशासाठीं आहे हें त्यावरूनच कळेल.

काम काढावयाचें तें दिवाळीनंतर. पाया जोत्यापर्यंत येऊन भोंवतालची माती मृगापूर्वीं दाबून होत नसेल, तर त्या वर्षीं चर उघडूंच नये. उघड्या चरांत सांठलेलें पाणी जुन्या भिंतीचा तळ मऊ करतें.