पंडितेची साधी मराठी

सोलापूरहून पुण्याला निघालो, की दौंडनंतर केडगाव लागते. येथल्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल मराठीत आणले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली, त्या बाईंना संस्कृतप्रचुर मराठी काय अवघड होती? पण हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी भाषा निवडली ती खेड्यातल्या अल्पशिक्षित बायांना कळेल अशी! त्याचे खिळेही आश्रमातल्या स्त्रियांनीच जुळवले. १९२२ साली, अगदी अखेरपर्यंत, बाई या कामात होत्या.

देवाच्या सेवेत पैसा वाहणे सोपे. आपली विद्वत्ता त्याच्या पायाशी उतरवून ठेवणे कठीण. जड शब्दांवर पोट भरणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना तर फारच कठीण!