स्टॅटिन : एक जुना आरोप आणि एक अकाली आशा

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन वर्गातील औषधांनी कर्करोग जडतो, असे मानणारे लोक आहेत आणि त्यांनी तो टळतो, असे सांगणारेही आहेत. वस्तुतः दोन्ही पक्षांची फिर्याद अपुऱ्या पुराव्यावर दाखल झालेली आहे.

पहिला आरोप औषधाच्या जन्माइतकाच जुना. टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एन्दो यांनी १९७३ साली एका बुरशीतून जे पहिले स्टॅटिन शोधून काढले, त्याच्या चाचण्या १९८० साली, माणसाच्या मात्रेच्या कित्येक पट औषध दिलेल्या कुत्र्यांना कर्करोग झाल्याच्या संशयावरून, तहकूब झाल्या. आणि या वर्गातील दुसऱ्या औषधाला, लोव्हास्टॅटिनला, अमेरिकेत परवाना मिळण्यास १९८७ साल उजाडले. ज्यांचे कोलेस्टेरॉल मुळातच कमी असते त्यांच्यात कर्करोग अधिक आढळतो, हा दाखलाही पुढे करण्यात येतो. परंतु न उमगलेला कर्करोगच पुष्कळदा आधीपासून कोलेस्टेरॉल खाली ओढतो, म्हणजे येथे कार्यालाच कारण समजण्याचा घोटाळा होतो.

दुसरा समज अधिक मोहक आहे, कारण त्यास शास्त्राचा आधार दिसतो. ज्या मेव्हॅलोनेट मार्गाने यकृत कोलेस्टेरॉल घडवते, त्याच मार्गातील द्रव्ये पेशींना वाढीची आज्ञा देणाऱ्या रास प्रथिनास लागतात. तेव्हा तो मार्ग अडवला की अर्बुदही खुंटेल, हे अनुमान प्रयोगशाळेत स्वाभाविक ठरते. त्यात २००५ साली इस्रायलमधील एका पाहणीत, निदान पाच वर्षे स्टॅटिन घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग सुमारे ४७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि आशेला उधाण आले. मात्र गोळी वर्षानुवर्षे नेमाने घेणारा मनुष्य बहुधा तपासण्याही वेळेवर करून घेतो आणि पथ्यही पाळतो. त्या शिस्तीचे श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होणे अशा पाहणीत सहज शक्य असते.

निवाडा करायचा तो चिठ्ठ्या टाकून गट पाडणाऱ्या चाचण्यांनी. अशा २७ चाचण्यांतील सुमारे पावणेदोन लाख व्यक्तींची माहिती २०१२ साली एकत्र तपासली असता, सुमारे पाच वर्षांच्या अवधीत कर्करोगाचे प्रमाण वा त्याने होणारे मृत्यू स्टॅटिनमुळे वाढलेही नाहीत व घटलेही नाहीत. कर्करोगाला पाच वर्षे थोडी, ही हरकत रास्तच आहे. पण स्कॉटलंडमधील ज्या ६,५९५ पुरुषांवर प्राव्हास्टॅटिनची चाचणी झाली, त्यांचा मागोवा पुढे वीस वर्षांपर्यंत घेण्यात आला, तेव्हाही कर्करोगाने झालेल्या मृत्यूंत दोन गटांमध्ये तफावत निघाली नाही. हृदयविकाराने दगावणारे मात्र औषध घेतलेल्यांत कमी होते.