पिशवीतलं पातं

दादांच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक लोखंडी टोक बाहेर डोकावतंय आणि बोहरी आळीतली माणसं त्या टोकाला वळसा घालून चालताहेत. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रविवार पेठेतल्या या अरुंद गल्लीत दोरखंडाची भेंडोळी, प्लॅस्टिकच्या बादल्या, पत्र्याची नळकांडी सगळं दुकानातून रस्त्यावर सांडलंय, आणि मधूनच एक हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत घुसतोय.

"दादा, टोक खाली करा. कुणाच्या पोटात जाईल."

"काका, त्याला धारच कुठं हाय? जायचं म्हणलं तरी जाणार न्हाई."

पिशवीत लॉनमोअरचं पातं आहे. 18 इंच लांब, साडेतीन मिलिमीटर जाड, मधोमध बोल्टचं भोक. दादा कोथरूड-बाणेरकडच्या अकरा सोसायट्यांची हिरवळ सांभाळतात. मूळचे सासवडकडचे. आमच्या सोसायटीत मी हा एकच म्हातारा असा, की त्यांच्या यंत्राचा आवाज बदलला की गॅलरीत येऊन उभा राहतो. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये उभी हयात गेली, त्याचा हा परिणाम. परवा सेक्रेटरीबाई त्यांना बोलत होत्या, पाणी नीट मारत नाही, गवताची टोकं पांढरी पडलीत म्हणून. मी खाली जाऊन एक काडी उपटून बघितली. टोक कापलेलं नव्हतं, फाटलेलं होतं. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. मग ती चिंध्या झालेली टोकं वाळतात. पाण्याचा त्यात काही संबंध नाही. हे बाईंना सांगितलं, त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण दादांना पटलं, आणि म्हणून आज आम्ही दोघं इथे आहोत. धार लावायचं पट्ट्याचं यंत्र, म्हणजे बेल्ट ग्राइंडर, घ्यायला.

पहिल्या दुकानात शेठ चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काय आणलंय पिशवीत?"

दादा पातं काढून काचेच्या काउंटरवर ठेवतात. ठण्ण.

"मोअर कुठलं? रुळाचं की पंख्याचं?"

शेठ जाणते आहेत. प्रश्न बरोबर आहे. रुळाच्या यंत्रात वळणदार पाती एका स्थिर पट्टीवर कात्रीसारखी फिरतात. 1830 साली एडविन बडिंग नावाच्या इंग्रजाने पहिलं गवत कापायचं यंत्र केलं ते याच धर्तीचं. कापड गिरणीत लोकरीच्या कापडावरची लव छाटणारं यंत्र बघून त्याला ते सुचलं. त्या पात्यांना पट्ट्यावर धरण्यात अर्थ नाही, ती खरखरीत पेस्ट लावून उलटी फिरवत एकमेकांवर घासून घ्यावी लागतात. आमचं पंख्याचं. मोटरच्या दांड्यावर सरळ बसणारं, मिनिटाला 2880 फेरे. त्याच्या टोकाचा वेग काढला तर ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास जातो. हे मी शेठना सांगतो, ते मान डोलावतात आणि फळीवरून एक छोटं निळं यंत्र उतरवतात.

एक इंच रुंद, तीस इंच घेराचा पट्टा. दिसायला गोड. स्वयंपाकघरातली सुरी, कातर, पटाशीचं पान, सगळं होईल. दादा खूश होऊन उचलून बघतात, एका हातात मावतं. मी पातं पट्ट्यावर टेकवतो, यंत्र बंदच आहे, आणि बोटाने मोटर हलवून बघतो. सगळं यंत्रच काउंटरवर सरकतं. पाव किलोवॅटची मोटर. पात्यावर जरा भार दिला की पट्टा थांबेल, मोटर गुरगुरत राहील. शिवाय एवढ्याशा रुंदीच्या पट्ट्यावर चार इंची धार ओढली की कड सरळ राहत नाही, लाटा उठतात.

"नको," मी म्हणतो.

"काका, चालू तरी करून बघू की."

"चालू केल्यावर सगळीच चांगली वाटतात."

शेठ हसतात. दुसरं यंत्र जमिनीवर आहे, सुतारी. चार इंच रुंद पट्टा आडवा, त्याच्या उजव्या अंगाला गोल तबकडी, मागे भुसा ओढायची पिशवी. हे जड आहे, हलत नाही. आता मात्र मी पातं हातात घेऊन उकिडवा बसतो, आणि दादांना समोर बसवतो, कारण यातली गोम समजली तर पुढच्या दुकानात मी नसलो तरी चालेल.

पात्याला दोन टोकं, दोन्ही टोकांना धार, पण समोरासमोरच्या कडांना. डावं टोक पट्ट्याकडे केलं की बाकीचं सगळं अंग उजवीकडे जातं. ते झालं, पातं अर्धं फिरवलं, दुसरं टोक पट्ट्यासमोर आणलं, तरी बाकीचं अंग पुन्हा उजवीकडेच. म्हणजे यंत्राची उजवी बाजू मोकळी हवी, निदान दीड फूट. डावीकडे मोटर असो, भिंत असो, काही बिघडत नाही. मी पातं टेकवतो. बोल्टच्या भोकाच्या जरा अलीकडेच ते तबकडीच्या झाकणाला खटकन लागतं.

"अडतंय," दादा म्हणतात.

"हां. आता तिरकं धरून लावाल तुम्ही, मग धारही तिरकी."

आणि ती भुशाची पिशवी. ती मला मोटरपेक्षा जास्त खटकते. सकाळी कुणी फळी घासली, पिशवीत भुसा राहिला, दुपारी त्याच यंत्रावर लोखंड धरलं. ठिणग्या सरळ भुशात. आतल्या आत धुमसत राहतं आणि माणूस कुलूप लावून घरी गेल्यावर पेटतं. लाकूड आणि लोखंड एका यंत्रावर नको, एवढं एक तरी टूलरूममध्ये आम्हाला बजावून शिकवलं होतं.

शेठ जरासे नाराज. "साहेब, लोक तर हातातल्या ग्राइंडरवर करतात. तुम्ही एवढं काय बघता?"

दादा खाली बघतात. कारण तेही तेच करत होते. चार इंची ग्राइंडर, मिनिटाला 11 हजार फेरे. मी पातं उलटं करून शेठना दाखवतो. धारेजवळ नखाएवढा निळा-जांभळा डाग. पोलादावर निळा रंग चढतो तो साधारण 300 अंश सेल्सिअसला, आणि पातळ कडेला उष्णता जायला जागा नसल्यामुळे तिथे त्याहूनही पुढे गेलेली असते. खिशातली छोटी कानस काढून मी बाजूच्या भागावर फिरवतो. ती करकरत सरकते. डागावर फिरवतो, चटकन धरते, कीस निघतो. शेठ वाकून बघतात.

"पाणी उतरलं," तेच म्हणतात. म्हणजे पोलाद तिथे मऊ पडलंय.

त्या एका वाक्यानंतर आमचं बोलणं गिऱ्हाईक-दुकानदाराचं राहत नाही. शेठ पोऱ्याला चहा सांगतात, आणि दुसऱ्या पोऱ्याला गोदामाची किल्ली.

गोदाम दोन बोळ पलीकडे, जुन्या वाड्याच्या तळघरासारखं. आत तेलाचा आणि ज्यूटचा वास. पोऱ्या दिवा लावतो. कोपऱ्यात दोन यंत्रं. पहिलं म्हणजे आठ इंची सहाणेच्या मोटरवरच पट्ट्याचा हात बसवलेलं. मजबूत आहे, पण मोटर 2880 फेऱ्यांची. मी बिडीच्या पुडक्यामागे पेन्सिलीने मांडतो: चाकाचा व्यास 200 मिलिमीटर, घेर 628, गुणिले 2880, भागिले 60. सेकंदाला 30 मीटर. सराईत हाताला ठीक. दादांच्या हाताला, दिवसाला नऊ पाती लावायची घाई असताना, पुन्हा निळे डाग.

दुसरं ओबडधोबड आहे. इथेच कुठल्या तरी शेडमध्ये केलेलं. वेल्डिंगचे टाके दिसताहेत, रंग लाल ऑक्साइडचा. पण पुढे तेच आठ इंची रबरी चाक, मागे ताण द्यायची स्प्रिंग, वर पट्टा मध्यावर आणायची कळ, दोन इंच रुंद पट्टा. मोटर 1 एचपी, सिंगल फेज, 1440 फेरे. म्हणजे वेग निम्मा, सेकंदाला 15 मीटर. मोटर डावीकडे. उजवीकडे काहीच नाही. दादा न सांगता पातं पट्ट्यासमोर धरतात, डावं टोक, मग फिरवून दुसरं टोक. कुठेच अडत नाही. पात्याच्या मागच्या कडेला गवत वर खेचण्यासाठी जो वळलेला भाग असतो, दादा त्याला कान म्हणतात, त्या कानाच्या मुळापर्यंत रबरी चाकाची कड पोचते. सहाणेच्या दगडाला ते जमत नाही, कान आडवा येतो. मग लोक कानच घासून टाकतात आणि गवत उभं राहीनासं होतं.

"लावा," मी म्हणतो.

पण त्याआधी मी दादांच्या गळ्यातला टॉवेल काढून घेतो आणि माझा जाड चष्मा त्यांना देतो. हातमोजे ते पिशवीतून काढतात, तेही मी परत ठेवायला लावतो. सुती मोजा पट्ट्यात एकदा अडकला की बोटं सोबत जातात.

पोऱ्या बटण दाबतो. मोटर घोंघावते आणि तिच्यावर एक टक, टक, टक. पट्ट्याचा जोड. चाकावरून जाताना प्रत्येक फेरीला ठोका देतोय. यंत्र बंद करवून मी पट्टा बघतो. आतल्या बाजूला छापलेला बाण उलटा. कुणीतरी उलटा चढवलाय. सुलटा केल्यावर ठोका बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. जोड जाड आहे. शेठ निळा झिरकोनियाचा, साठ नंबरचा नवा पट्टा फोडतात. आता नुसती सळसळ.

दादा पातं धरतात ते कड वर करून. मी त्यांचा मनगटाकडचा भाग धरून पातं उलटं करतो: पाठ वर, कड खाली. पट्टा खाली धावतोय, तेव्हा तो पाठीकडून कडेकडे गेला पाहिजे. कड त्याच्या तोंडावर दिली की ती पट्ट्यात घुसते, पट्टा फाटतो, आणि पातं हातातून कुठे जाईल सांगता येत नाही. कोनासाठी मी नातवाच्या कंपासपेटीतला गुण्या आणलाय, 30-60 चा. पट्टा आणि पात्याची पाठ यांच्यामध्ये तीस अंशांचं टोक धरून दाखवतो. दादा दोनदा बघतात, तिसऱ्यांदा गुण्या बाजूला सारतात. हाताला कळलंय.

ठिणग्या खाली सांडताहेत, पिवळसर, लांब. एक ओढ, उचल. एक ओढ, उचल. दर दोन ओढींनंतर ते पात्यावर बोट ठेवून बघतात. कोमट. निळा डाग तेवढा हळूहळू झिजत जातोय. तो पूर्ण घालवावा लागणार, म्हणजे मिलिमीटरभर पोलाद वाया. इलाज नाही. खालच्या बाजूला कडेला दोऱ्यासारखी बर उभी राहिली की समजायचं, धार कडेपर्यंत पोचली. ती मी कानशीने सपाट बाजूने हलकेच काढतो.

"काका, अजून बारीक पट्ट्यावर घेऊ? वस्तऱ्यासारखी करू."

"अजिबात नाही. वस्तऱ्यासारखी केली तर पहिल्या खड्यावर दुमडेल. लोणी लावायची सुरी असते ना, तेवढी पुरे. ऐंशी नंबरचा एक हात, बास."

दुसरं टोक होतं. शेठ मघापासून दारात उभे आहेत, चहाचा ग्लास हातात. गोदामाच्या भिंतीत एक खिळा आहे, कुणी तरी कॅलेंडर लावायला मारलेला. मी कॅलेंडर काढतो आणि पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवतो, आडवं. हात सोडतो. पातं क्षणभर थांबतं आणि सावकाश डावीकडे झुकतं.

"एका बाजूला जास्त घासलं गेलंय," दादा स्वतःच म्हणतात. असंच बसवलं असतं तर यंत्र थरथरलं असतं, महिन्या-दोन महिन्यांत बेअरिंग गेलं असतं. मग दादांनी मोटरला शिव्या दिल्या असत्या.

जड बाजूला दोन ओढी. खिळा. अजून झुकतं, कमी. एक ओढ. खिळा. पातं आडवं राहतं. शेठ पुढे होऊन एका बोटाने त्याला जरासं ढकलून बघतात. ते डुलतं आणि पुन्हा आडवं.

भावाची घासाघीस दुकानात परतल्यावर होते आणि ती नेहमीसारखीच. माझं लक्ष एकाच गोष्टीकडे आहे. "पट्टे याच मापाचे बारा महिने मिळतील?" शेठ मागच्या फळीकडे हात करतात, तिथे एमरीचे रूळ आहेत, लागेल त्या लांबीचा कापून जोडून देतात. "पण जोड पातळ हवा," मी म्हणतो. "आणि ती सकाळची टकटक मी ऐकलीय, लक्षात ठेवा."

बिलावर शेठ लिहितात: यंत्र एक. पट्टे दहा, पैकी साठचे सहा, ऐंशीचे चार. खिळा फुकट देतो म्हणतात, आणि खरंच चार इंची एक खिळा कागदात गुंडाळून देतात.

टेम्पोत यंत्र चढवून झाल्यावर दादा पातं या वेळी दोन पदरी गोणपाटात गुंडाळतात, आणि टोक खाली करून धरतात.

"काका, सोमवारी सकाळी सातला खाली या. अजून आठ हायेत."