परतीची वाट

मी अभियंता नाही. नोकरी आयुष्यभर हिशेबनिसाची केली. जुन्या यंत्रांचा नाद वाचून आणि हात काळे करून जोपासला. त्यामुळे या लेखाला संशोधन म्हणावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. घरी बांधलेली एक मोटार कधी सुरू होई, कधी होत नसे. ती अशी का वागते हे शोधायला मला चौदा महिने लागले. कारण सापडल्यावर ते दूर करायला अर्धा तास पुरला. मधल्या काळात मी काय काय चुकीचे समजत गेलो, त्याची ही हकिगत आहे.

मी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत राहतो. घरी मोटार बांधणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट वाटेल, पण इथे ती जुनी हौस आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' ही दोन माणसांची हलकी, उघडी गाडी आणली. त्या काळी तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून अनेकांनी ती सुटी घेतली आणि घरी जोडली. जोडणीच्या सूचना सोबत देता येत नसत. तेव्हा कंपनी गाडी उलगडण्याच्या सूचना देई आणि गिऱ्हाईक त्या शेवटाकडून वाची, अशी कथा अजून सांगतात. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि सवलत संपली. हौस मात्र उरली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे पुस्तक आले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन आणि इतर भाग काढून, लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा घरीच वेल्डिंग करून, २५० पौंडांत अशी गाडी बांधता येते, असा त्याचा दावा होता. या घडणीच्या गाड्यांना 'लोकॉस्ट' म्हणतात.

माझ्या एका सांगलीकर स्नेह्यांनी अशीच एक लोकॉस्ट सहा वर्षे खपून बांधली. सरकारी तपासणीत पास करून घेतली आणि दर उन्हाळ्यात चालवली. ते गेल्यावर वहिनींनी गाडी माझ्या हवाली केली. सोबत त्यांची वही दिली. वहीत प्रत्येक वायरची नोंद होती: कुठून कुठे, जाडी किती, रंग कोणता. बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, इग्निशनची पांढरी, अर्थिंगची काळी, असा जुन्या ब्रिटिश गाड्यांचा रिवाज त्यांनी पाळला होता. इंजिनापासून चॅसिसपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीपुढे फक्त 'रंग नको' असे लिहिले होते. पट्टी उघड्या तारांची असते, तिला रंगीत आवरण कुठले, असे म्हणून मी पुढे गेलो.

पहिल्या हिवाळ्यात मी सांगाड्यावरचा गंज घासून काढला आणि काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले. चार महिन्यांनी, एका रविवारी, किल्ली फिरवली तर नुसते 'टक' झाले. पुन्हा 'टक'. पाचव्या खेपेला इंजिन काही झालेच नाही अशा थाटात सुरू झाले.

कायमचा बिघाड शोधणे सोपे असते, कारण तो तपासणी होईपर्यंत जागेवर थांबतो. अधूनमधून होणारा बिघाड मीटर लावला की गायब. त्याहून वाईट म्हणजे तो खोटे पुरावे देतो.

पहिला खोटा पुरावा असा. गाडी अडली असता शेजाऱ्याने आपल्या गाडीवरून जंपर केबल जोडल्या. धन टोक माझ्या बॅटरीला आणि ऋण टोक, सुरक्षिततेच्या नियमाप्रमाणे, बॅटरीपासून दूर इंजिनाच्या धातूला. गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे बॅटरी गेली! मी नवी आणली. तीन आठवडे सगळे सुरळीत चालले आणि पुन्हा 'टक'.

दुसरा पुरावा अधिक पटणारा होता. गाडी गिअरमध्ये टाकून पुढेमागे हलवली की पुढच्या खेपेला ती सुरू होई. स्टार्टरचा दाता अडकला असता हाच उपाय करतात, हे मी वाचले होते. स्टार्टर बदलला. महिनाभर आराम. मग पुन्हा तेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण कावळ्यावर पैसे खर्च केले असले की फांदी त्यानेच तोडली असे मानावेसे वाटते.

याच सुमारास वहिनींनी विचारले, "हे गेले, आता गाडीही बंदच पडायची का हो भावजी?" मी म्हणालो, "वहिनी, मुळात वायरिंगच कच्चं आहे." त्या काही बोलल्या नाहीत. ते वाक्य मी पुराव्याशिवाय बोललो होतो.

त्यानंतर मी अंदाज थांबवून नोंदी सुरू केल्या. तारीख, हवा, इंजिन गार की गरम, आवाज कसला आला. पाऊस आणि थंडी यांचा काही मेळ बसला नाही. एक गोष्ट मात्र दर वेळी दिसली: 'टक' होताना पुढचे दिवे मंद होत नव्हते. स्टार्टरची मोटार दीडशे-दोनशे अँपियर ओढते. बॅटरी कमजोर असेल किंवा मोटार जाम असेल, तर त्या क्षणी दिवे मिणमिणायला हवेत. ते लख्ख राहतात, याचा अर्थ मोटारीपर्यंत प्रवाह पोचतच नाही. बॅटरी आणि स्टार्टर, दोघेही निर्दोष! मी त्यांना उगाच शिक्षा दिली होती.

दुसरा धागा नाकाने दिला. एकदा चिडून सातआठ वेळा किल्ली फिरवली, तेव्हा प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. हात लावला तर क्लचची केबल गरम. क्लच केबल ही पेडलची ओढ पोचवणारी साधी पोलादी तार. तिचा विजेशी संबंध काय?

इथे थोडे विजेचे सांगायला हवे. मोटारगाडीत धन बाजूची वायर दिसते, परतीची वाट दिसत नाही. बॅटरीचे ऋण टोक चॅसिसला जोडलेले असते आणि सगळा प्रवाह गाडीच्या धातूतून घरी परततो. इंजिन मात्र रबराच्या गुट्ट्यांवर बसते आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चॅसिस यांना जोडणारी अधिकृत वाट एकच, ती विणलेली पट्टी. ती बिघडली की प्रवाह मिळेल त्या धातूतून वाट काढतो: क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. त्या बारीक तारा तापतात. आणि मोटार फिरवण्याइतका प्रवाह त्यांतून जात नाही. सोलेनॉइडला मात्र तेवढा पुरतो. म्हणून 'टक' होते आणि पुढे काही नाही.

मग पूर्वी पट्टी तपासली नव्हती का? तपासली होती. मीटरने रोध जवळपास शून्य दाखवला होता. घोटाळा इथेच आहे. मीटर तपासताना नगण्य प्रवाह सोडतो, आणि साध्या मीटरला ओहमचा शतांश दिसतच नाही. पण ०.०२ ओहममधून २०० अँपियर जायचे म्हटले की ४ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात; बाराचा तिसरा हिस्सा! विश्रांतीत निर्दोष दिसणारा सांधा कामाच्या वेळी नापास होतो. म्हणून परीक्षा कामाच्या वेळीच घ्यायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढलेली. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचे, आणि सोबत्याने किल्ली फिरवायची. परतीची वाट चांगली असेल तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो.

मुलीला किल्लीवर बसवले. पहिल्या दहा खेपा ठीक, ०.३. अकराव्या खेपेला 'टक', आणि मीटरवर साडेसात. एक टोक सरकवत गेलो. पट्टीच्या इंजिनाकडच्या बाजूला काही नाही. सगळे साडेसात व्होल्ट चॅसिसकडच्या बोल्टवर. बोल्ट खोलला. पट्टीखाली काळा, तुळतुळीत, जाड रंग होता. मी दिलेला.

मग सगळेच उलगडले. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून प्रवाह जात होता. त्या गंजत गेल्या तसा तो अडू लागला. गाडी हलवली की इंजिन हले, पट्टी ओढली जाई आणि सांधा क्षणभर जुळे. शेजाऱ्याच्या केबलने ऋण टोक थेट इंजिनाला लागले, म्हणून बिघडलेली वाट टळली. दोन्ही पुरावे खरे होते, अर्थ मी चुकीचा लावला होता. मित्राच्या वायरिंगवर संशय घेताना माझ्या स्वतःच्या कामाची मी एकदाही उलटतपासणी केली नाही.

रंग खरवडून धातू उघडा केला, दातेरी वायसर टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावले. आकडा ०.१५. त्याला आता दोन वर्षे झाली.

त्या रात्री वही पुन्हा उघडली. 'रंग नको.' इतर सगळ्या ओळींत रंग म्हणजे वायरचा रंग; या एका ओळीत रंग म्हणजे ब्रशने द्यायचा रंग. त्यांनी सावध केले होते, आणि मी ते मराठीत वाचूनही चुकलो.

दुसऱ्या दिवशी वहिनींकडे गेलो आणि चूक माझी होती, असे सांगितले. त्यांनी वही मागून घेतली, ती ओळ बघितली आणि परत दिली. "मग आता नीट लिहा," म्हणाल्या, "पुढच्याला कळेल असं."

मी त्याच ओळीखाली लिहिले आहे: 'या जागी चॅसिसला रंग देऊ नये. धातू उघडा ठेवावा.' खाली तारीख आणि माझी सही.