श्वेतपेशींचे चिकटणे आणि चालणे

नवजात अर्भकाची नाळ सामान्यतः एक ते दोन आठवड्यांत वाळून गळून पडते. त्यामागे रक्तातील श्वेतपेशींचेही काम असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. क्वचित एखाद्या बालकाची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी गळत नाही, बेंबी सुजते, जंतुसंसर्ग वारंवार होतो. आणि नवल असे की जखमेत पू धरत नाही. रक्त तपासावे, तर श्वेतपेशी नेहमीपेक्षा कितीतरी अधिक! मग त्या जखमेपर्यंत का पोचत नाहीत?

श्वेतपेशी रक्ताबरोबर वेगाने वाहत असते. वाहिनीबाहेर पडावयाचे, तर तिने आधी भिंतीस चिकटून थांबले पाहिजे. श्वेतपेशी वाहिनीबाहेर पडताना कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्येच बेडकात पाहिल्या होत्या. त्या कशाच्या आधाराने चिकटतात, हे मात्र शतकानंतर उलगडले. अमेरिकेतील टिमोथी स्प्रिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास दाखवून दिले की, अशा बालकांच्या श्वेतपेशींवर विशिष्ट प्रथिने नसतात किंवा अत्यल्प असतात. ही प्रथिने आज 'इंटेग्रिन' या वर्गात मोडतात.

१९९१ मध्ये लॉरेन्स व स्प्रिंगर यांनी केलेला प्रयोग मोठा बोलका आहे. पृष्ठभागावर 'सिलेक्टिन' हे प्रथिन बसवून त्यावरून श्वेतपेशी वाहविल्या, तर त्या गडगडत मंदावतात, पण थांबत नाहीत. केवळ इंटेग्रिनला धरणारे प्रथिन ठेवले, तर वाहत्या पेशी त्याला सापडतच नाहीत. दोन्ही असली आणि पेशीस रासायनिक चेतना मिळाली, म्हणजे ती जागीच घट्ट बसते. उतारावरील गाडी आधी मंदावून मग थांबवावी, तसाच हा प्रकार. पुढे सरकताना मात्र पेशीला पुढची पकड धरावी आणि मागची सोडावी लागते. पकड सुटली नाही, तरीही ती अडकून पडेल.

इंटेग्रिनविषयक कार्याबद्दल स्प्रिंगर, रिचर्ड हाइन्स व एर्की रुओस्लाहती यांना २०२२ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले.

हा रोग अत्यंत विरळा व आनुवंशिक असून, सदोष जनुक माता व पिता या दोघांकडूनही आल्यासच तो होतो. तीव्र स्वरूपात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण करावे लागते. नाळ उशिरा गळली एवढ्यावरूनच तो ठरत नाही. परंतु जोडीला वारंवार संसर्ग होत असल्यास बालरोगतज्ज्ञांकडून श्वेतपेशींची संख्या व त्यांवरील या प्रथिनांची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.