धावदोरा आणि धावते पिल्लू

गोधडी शिवायला काय काय लागते असे कुणी विचारले, तर बहुतेकजणी सांगतील : जुनी लुगडी, सुई, दोरा आणि दुपारचा निवांत वेळ. या यादीतून एक गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे जमीन. गोधडी पलंगावर शिवता येत नाही, टेबलावर तर नाहीच नाही. लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, सुरकुत्या तळहाताने कडेला सारायच्या, चारी कोपऱ्यांवर पाट, तांब्या, वरवंटा, जे हाताशी येईल ते वजन ठेवायचे आणि मग त्या पसाऱ्यापाशी मांडी ठोकून बसायचे. त्यासाठी चार-सहा हात मोकळी, कोरडी, स्वच्छ जमीन हवी. कुत्र्याच्या पिल्लालाही नेमकी तेवढीच आणि तीच जमीन हवी असते. आमच्या घरात गेले चार महिने जे रणकंदन चालले आहे, त्याचे मूळ एवढेच.

त्यातून रत्नागिरीचा पावसाळा! वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आमच्या गावावर पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटावरच्या बायका उन्हाळ्यात गच्चीवर नाहीतर अंगणात गोधड्या पसरून बसतात. आमचा उन्हाळा जातो आंब्यांत, फणसांत आणि मुंबईकर पाहुण्यांत. म्हणून लुगडी धुऊन, त्यांची खळ काढून, कडकडीत वाळवून ठेवायची वैशाखात, आणि टाका घालायचा पाऊस सुरू झाल्यावर माजघरात बसून. पावसात पिल्लूही माजघरातच. त्या बिचाऱ्याने तरी जावे कुठे?

हे पिल्लू आमच्या चिरंजिवांनी ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी मिरकरवाडा बंदरावरून आणले. जाळ्यांच्या ढिगाऱ्यात एकटेच केकाटत होते म्हणे. जेमतेम दीड महिन्याचे. अंग पांढरे, पाठीवर एक चौकोनी काळा डाग आणि उजव्या डोळ्यावर एक तपकिरी. जणू दोन जागी विरले म्हणून कुणी हातासरशी ठिगळे लावून दिली होती. तेव्हा नाव ठिगळ्या पडले. दोरखंड आणि जाळी हेच ज्याचे पाळणाघर, त्याला सूत दिसले की आपला गाव आठवत असावा. पहिल्याच दिवशी त्याने माझे दोऱ्याचे रीळ पडवीतून माजघरात, माजघरातून मोरीत आणि मोरीतून देवघरात असे फिरवून आणले.

एरवी मी हसून सोडून दिले असते. पण यंदाची गोधडी साधी नव्हती. मुलीचे पहिले बाळंतपण, ते माहेरी व्हायचे, दिवस पौषातले. सासूबाईंना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांची लुगडी वन्संनी आणि जाऊबाईंनी आठवण म्हणून वाटून घेतली. माझ्या वाट्याला दोन आली. एक निळे, एक हिरवे, दोन्ही सुती, नऊवारी आणि अनेक वर्षांच्या धुण्याने सायीसारखी मऊ झालेली. पणतवंडाच्या अंगाखाली पणजीचे लुगडे, एवढाच माझा हट्ट होता. असले कापड दुकानात मीटरवर मिळत नाही. फाटले तर फाटलेच.

बाळाला आधी जुने कापड घालावे ही रीत आपल्याकडे घरोघर आहे आणि आपल्याकडेच आहे असेही नाही. बिहारमधली सुजनी मुळात नवजात बाळासाठीच, घरातल्या जुन्या साड्या जोडून शिवत. बंगालची कांथा तशीच. तिच्यात तर पूर्वी साडीच्या काठातले दोरे उसवून त्यांनीच टाके घालीत. कारवार जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आपल्या गोधडीला कवंदी म्हणतात. कडेपासून शिवत शिवत मध्यापर्यंत जातात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाच्या पाकळ्या लावतात. ही फुले नसली तर त्यांच्या लेखी गोधडी उघडीच. आमच्या गोधडीला पाकळ्या नसतात, पण कडेकडून आत जाणारा धावदोरा तोच. आणि गोधडीला हलके समजणाऱ्यांनी गाडगेबाबांना (१८७६–१९५६) आठवावे. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. हल्ली शहरात गोधडीला एकदम मान आला आहे आणि दुकानांतून तिच्या किमती ऐकून माझ्या पोटात गोळा येतो. पण त्या महागाईत हाताच्या टाक्यांचा हिशेब असेल, तर माझी तक्रार नाही.

तो हिशेब आमच्या ह्यांनी एकदा मांडला. बाळाची गोधडी तीन फूट लांब, अडीच फूट रुंद. अर्ध्या अर्ध्या इंचावर एक ओळ धरली तर साठ ओळी. इंचाला तीन टाके, म्हणजे छत्तीस इंचांच्या एका ओळीत बरोबर १०८.

"अगं, ओळीला एक जपमाळ होते की!" हे चष्मा वर करून म्हणाले. "साठ माळा. एकूण सहा हजार चारशे ऐंशी टाके."

"आणि उसवलेले?" मी विचारले. ते हिशेबात नव्हते.

कारण ठिगळ्या उसवीत असे. पिल्लाचे दुधाचे दात अठ्ठावीस. ते साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के बेचाळीस येतात. या मधल्या काळात हिरड्या अशा शिवशिवतात की चावायला काही मिळाले नाही तर पिल्लू पाटाचा पाय चावते, चप्पल चावते, स्वतःची शेपटीही चावून बघते. त्याला पाठीत धपाटा घालून काही उपयोग नाही. दात आलेल्या तान्ह्याला आपण मारतो का? जुना पंचा ओला करून, त्याला घट्ट पीळ देऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि गार झाला की चघळायला द्यावा. त्याने हिरड्या शांत होतात. मात्र समोर बसून द्यावा, आणि सुते सुटायला लागली की काढून घ्यावा. का, ते पुढे येईलच.

दुसरे शिकले ते झोपेचे. लहान पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते, असे पुस्तकात वाचून मी हरखून गेले होते. चार तासांच्या दंग्याचे ते काय! पण हे चार तास सलग नसतात, चोवीस तासांत बडीशेपेसारखे विखुरलेले असतात. शेवटी मी घड्याळ सोडले आणि ठिगळ्यालाच घड्याळ केले. खाणे, लगेच बाहेर, मग पडवीत चिंधी ओढण्याचा खेळ, पुन्हा एकदा बाहेर, आणि मग तो आपोआप उंबऱ्याला पाठ लावून पसरतो. ही झोप तासा-सव्वातासाची. तेवढ्यात माझ्या तीन ओळी होतात. खेळ चुकला तर झोप नाही, आणि झोप नाही तर ओळ नाही. त्याला दमवणे हा गोधडीचाच एक भाग आहे हे मला पटले, तेव्हापासून निम्मी भांडणे मिटली. उरलेल्या निम्म्यांसाठी ह्यांनी माजघराच्या दाराला गुडघाभर उंच फळी बसवली. ती आषाढापर्यंत पुरली. श्रावणात ठिगळ्या तिच्यावरून उडी मारू लागला, आणि एके दिवशी हिरव्या लुगड्याचा काठ तोंडात धरून खळ्यात पसार झाला. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले होते. मी कात्री घेऊन धावले. भक्तीत फरक असायचाच.

त्याच श्रावणात तो शुक्रवार आला. एकतिसावी ओळ चालू होती. दारात भाजीवाली आली म्हणून सगळ्याजणी करतात तशी सुई कापडात टोचून मी उठले. परत येते तो ठिगळ्या गोधडीवर उभा, तोंडातून वीतभर पांढरा दोरा लोंबतो आहे, आणि सुई नाही. कापडावर नाही, जमिनीवर नाही, कुठेच नाही.

हे दोरा ओढायला वाकलेच होते, तेवढ्यात चिरंजिवांनी डॉक्टरांना फोन लावला. आमचे गुरांचे डॉक्टर वयाने तरुण आहेत, पण त्यांचा आवाज एकदम चढला. "काकू, दोरा अजिबात ओढू नका! तसंच घेऊन या."

धो धो पावसात रिक्षाने गेलो. ठिगळ्या माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला, आणि एवढा गप्प की त्याचीच भीती वाटावी. वाटेत ह्यांनी विचारले, "फोटो काढतील ना?" मी हो म्हटले. आणखी कुणी काही बोलले नाही.

दोरा का ओढायचा नाही, हे डॉक्टरांनी नंतर समजावले ते शिवणाऱ्या बाईला जन्मभर विसरता येणार नाही. गिळलेल्या दोऱ्याचे एक टोक कुठेतरी अडकून बसते आणि आतडे अन्न पुढे ढकलायला म्हणून त्याच दोऱ्यावर सरकत राहते. "परकराची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात ना, काकू? तशा आतड्याला पडतात. ताणलेला दोरा मग करवतीसारखा कापतो." त्यावर उपाय बहुधा शस्त्रक्रियेचाच. दोरा तोंडातून लोंबो की मागून, घरी ओढायचा नाही, आणि उलट्या, न खाणे, पोटाला हात लावू न देणे यांतले काही दिसले तर वाट पाहत बसायचे नाही.

क्ष-किरणांच्या फोटोत दोरा दिसत नाही, सुई दिसते. फोटो उजेडासमोर धरून डॉक्टरांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि मान हलवली. सुई नव्हती. दोरा जिभेच्या मुळाशी वेढा घालून बसला होता. तो त्यांनी चिमट्याने उचलून, कापून अलगद काढला. पुढले दोन दिवस शी-उलटीवर लक्ष ठेवायला सांगितले. ठिगळ्याने घरी येऊन दहीभात खाल्ला आणि तो झोपी गेला.

पण मग सुई होती कुठे? रात्री नऊ वाजता माजघरातला दिवा लावून आम्ही तिघे शोधायला बसलो. झाडून झाले, पाट उलटे करून झाले. अखेर चिरंजिवांनी एका मोडक्या स्पीकरमधले लोहचुंबक आणले आणि गोधडीवरून इंचाइंचाने फिरवले. एकतिसाव्या ओळीच्या थोडे अलीकडे कापड टाचभर वर उचलले गेले. ठिगळ्याने दोरा ओढला तेव्हा तो नेढ्यातून निसटला होता आणि सुई आडवी होऊन थरांच्या आत शिरली होती. वरून हात फिरवला तर काही लागत नव्हते. बाळाच्या अंगाखालची गोधडी ती. मी ओळ उसवून सुई बाहेर काढली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

तेव्हापासून आमच्याकडे सुया मोजतात. पाच सुया, झाकणाचा डबा, बसताना मोजायच्या आणि उठताना मोजायच्या, दारात भाजीवाली असो नाहीतर प्रत्यक्ष कलेक्टर. लोहचुंबक शिवणाच्या पेटीतच राहते, आणि प्रत्येक ओळ झाली की ते एकदा गोधडीवरून फिरते.

भाद्रपदात खरा प्रश्न निघाला, तो विहीणबाईंच्या फोनवर. त्यांचे म्हणणे सरळ होते : बाळ यायच्या आत कुत्रे घराबाहेर. केस, जंत, चावणे! त्यांचे काही खोटे नव्हते. पहिला नातू नाहीतर नात त्यांचीही आहे. मुलगी गप्प. ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरले. चिरंजीव म्हणाले, "बंदरावर परत सोडून यायचं का?" आणि ते उत्तर न ऐकता निघून गेले.

मी त्याच डॉक्टरांकडे वही घेऊन गेले. जंताचे औषध पहिले तीन महिने पंधरवड्याने झाले होते, आता सहा महिन्यांचा होईपर्यंत महिन्याला एक. पिल्लाच्या विष्ठेतल्या जंतांचा लहान मुलांना त्रास होतो, म्हणून यात चालढकल नाही. रेबीजची लस तीन महिन्यांचा झाल्यावर दिली होती, ती वर्षाने पुन्हा. पावसाळ्यातल्या लेप्टोचीही दिली होती. नखे कापलेली हवीत. बाळाचे तोंड चाटू द्यायचे नाही. बाळंतिणीच्या खोलीत त्याला मज्जाव, आणि कितीही गरीब कुत्रे असले तरी मोठे माणूस जवळ नसताना त्याला आणि बाळाला एकत्र ठेवायचे नाही, एक मिनिटही नाही. बाळ दवाखान्यातून घरी येण्याआधी त्याचे एखादे दुपटे आणून ठिगळ्याला हुंगू द्यायचे, म्हणजे वास ओळखीचा होतो. आणि त्याची निजायची जागा आजपासूनच वेगळी.

ही सगळी यादी मी विहीणबाईंना फोनवर वाचून दाखवली. त्या "बघू" म्हणाल्या. विहिणीचे "बघू" म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको.

निजायची जागा वेगळी म्हणजे अंथरूणही वेगळे. हिरव्या लुगड्याचा तो चावलेला काठ बाळाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. त्यात ह्यांचे जुने धोतर घालून हातभर लांब-रुंद चौकोन केला, दर बोटावर एक ओळ, मोठे मोठे टाके. दोन दुपारींत झाला. पडवीच्या कोपऱ्यात घातला, तर ठिगळ्याने तीन वेळा गोल फिरून त्यावर बैठक मारली आणि अद्याप तरी त्याचा एक टाका उसवलेला नाही. दात बरेचसे आले आहेत, हेही कारण असेल.

मुलगी सातवा लागताच आश्विनात आली. बाळाच्या गोधडीच्या अकरा ओळी राहिल्या आहेत; त्यांतल्या दोन तिने स्वतः घातल्या तर नऊ राहतील, पण तिचे टाके अजून इंचाला दोनच पडतात. परवा विहीणबाईंचा फोन आला तेव्हा ती पडवीत बसली होती. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि ते कुत्रं? कुठं झोपतं हल्ली?"

"पडवीत, आई," मुलगी म्हणाली. "स्वतःच्या गोधडीवर."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग विहीणबाईंनी विचारले, "त्याला वेगळी शिवलीत?"