धीर देणे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अडचणीत सापडलेल्या माणसाला धीर द्यायचा म्हणजे जवळ जायचे, पाठीवर हात ठेवायचा आणि ‘होईल सगळं नीट’ म्हणायचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. यातले जवळ जाणे आवश्यकच असते असे नाही, आणि शेवटचे वाक्य तर बहुतेक वेळा वाया जाते.

धीर देणारे माणूस ओळखीचे हवे, हा पहिला गैरसमज. डॉ. आनंदीबाई जोशी यांची हकिगत याच्या उलट आहे. पत्नीला अमेरिकेत शिकता यावे म्हणून गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर यांनी उत्तरात धर्मांतराची अपेक्षा सुचवली आणि पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. 1880 मध्ये तो न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी या अनोळखी जोडप्याला पत्र धाडले आणि आपले घर देऊ केले. बदल्यात काही मागितले नाही. पत्रे चालू राहिली. आनंदीबाईंच्या प्रकृतीच्या तक्रारी वाचून त्यांनी औषधेही पाठवली. 1883 मध्ये आनंदीबाई पतीविना अमेरिकेत पोचल्या, तोवर दोघींची गाठ पडलेली नव्हती. तरी आनंदीबाईंच्या लेखी त्या ‘मावशी’ झाल्या होत्या. 1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली आणि वर्ष भरण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. वाइल्डर यांचे उत्तर आणि कार्पेंटर यांचे पत्र यांतला फरक एवढाच, की एकात अट होती आणि दुसऱ्यात नव्हती.

या फरकाचे वजन पुढे मोजले गेले. सॅन फ्रान्सिस्कोतील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, पण पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत 24 छोटी पत्रे गेली : आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटले तर कळवा. उपचाराला या, असा आग्रह त्यांत नव्हता. पहिल्या दोन वर्षांत या गटातील आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीय कमी राहिले. दोन ओळींनी काय होणार, असे म्हणून पत्र किंवा संदेश टाळणाऱ्यांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मदत दिसली पाहिजे, हाही एक समज. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परवान्याची परीक्षा देणारे उमेदवार आणि त्यांचे जोडीदार यांच्याकडून नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी रोजच्या नोंदी लिहून घेतल्या. निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आज मला आधार दिला गेला’ असे उमेदवाराने लिहिले की त्याची उदासी वाढलेली दिसे. जोडीदाराने आधार दिल्याचे लिहिले, पण उमेदवाराच्या ते ध्यानातही आले नव्हते, अशा दिवसांनंतर मात्र मन सावरलेले आढळे. आधाराची जाणीव झाली की आपण कमी पडतो आहोत हेही जाणवते, शिवाय उपकाराचे ओझे चढते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. घरात परीक्षार्थी असताना गुपचूप भाजी आणून टाकणारी, चहाचा कप न बोलता ठेवणारी माणसे हे संशोधनाविनाच जाणून असतात.

‘तू हुशार आहेस, तुला जमेल’ हे वाक्य निरुपद्रवी वाटते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत काहींच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती केली. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. या अपयशानंतर पुन्हा सोपी कोडी आली, तेव्हा ‘हुशार’ ठरवलेली मुले आधीपेक्षा मागे पडली, मेहनतीचे कौतुक झालेली पुढे गेली. हुशार म्हणवून घेतलेल्याला ती हुशारी टिकवावी लागते, आणि चुकणे परवडत नाही. या मताचा पुढे शाळांतून अतिरेकी प्रचार झाला आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम बरेच लहान दिसले, हेही खरे.

सर्वांत घातक समज आत्महत्येविषयीचा आहे : विचारले तर नसता विचार डोक्यात येईल. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा प्रश्न विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही. आधीच नैराश्यात असलेल्यांचा उलट थोडा हलका झाला.

धीर देणे हे तज्ज्ञांचेच काम, असेही मानले जाते. गोव्यात ‘संगत’ संस्थेने मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिले. त्यांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांना साधारण सहा ते आठ भेटी दिल्या. भर ‘उमेद ठेवा’ सांगण्यावर नव्हता. सुटून गेलेली रोजची छोटी कामे, फिरणे, शेजाऱ्यांशी बोलणे पुन्हा सुरू करण्यावर होता. तीन महिन्यांनी यांतले 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते. केवळ केंद्रातील डॉक्टरांची नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

उरलेल्या 36 टक्क्यांचा अर्थ असा, की धीर हा सर्वांना पुरणारा उपचार नाही. तिथे डॉक्टरकडे सोबत जाणे लागते. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून अहोरात्र चालू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.